भिंगरीकडे, अकरा वाजता

“पुढच्या मंगळवारी अकरा वाजता जागा आहे,” गुडघ्याच्या डॉक्टरांकडची बाई फोनवर म्हणाली. “लिहू का नाव?”

“थांबा हं, बाबांचं काही आधी ठरलंय का बघते.” टाचणीने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि वडिलांचं कॅलेंडर उघडलं.

मंगळवारच्या चौकोनात करडा ठोकळा होता आणि त्यावर ‘व्यस्त’ एवढंच लिहिलेलं होतं. त्यात नवल नव्हतं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाबा चष्म्याच्या काचा आणायला घाऊक व्यापाऱ्याकडे जात. दुसरा कुठला दिवस आहे का, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिची नजर पडद्याच्या उजव्या कडेला गेली. तिथे एक अरुंद पट्टी होती. महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक दाखवणारी ही पट्टी तिने स्वतःच गेल्या महिन्यात नव्याने बसवली होती. त्या पट्टीत, त्याच मंगळवारपुढे, अख्खी ओळ उभी होती :

‘भिंगरीकडे, ११ वाजता. तिचा चष्मा पोचवणे. वाचायचा नंबर वाढला.’

“हॅलो? बाई, आहात ना?”

“आहे,” टाचणी म्हणाली. “मी... मी करते फोन परत.”

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. आपण दचकलो ते केवळ चुकीमुळे, असं पहिल्यांदा तिला वाटलं. कारण चूक भयंकर होती. ज्या नोंदीला माणसाने ‘खासगी’ म्हणून खूण केली आहे, ती त्याचं कॅलेंडर पाहणाऱ्या दुसऱ्या कोणालाही ‘व्यस्त’ या एका शब्दापलीकडे दिसता कामा नये. जुन्या चौकोनात ती तशीच झाकलेली होती. नव्या पट्टीत मात्र ती खूण तपासायची राहून गेली होती. कोणाकडून राहिली, हे शोधायची गरजच नव्हती. त्या पट्टीची ओळ न् ओळ टाचणीची होती.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून बाबांनी ते ठेवलं होतं. आता ती चाळिशीला आली होती, एका विमा कंपनीत कामाला होती. पण रोज सकाळी सहा ते आठ ती त्या जुन्याच नावाने एका वेगळ्या कामाला बसायची. टपाल आणि कॅलेंडर सांभाळणारी एक प्रणाली होती, जी कोणाच्याच मालकीची नव्हती. कोणीही ती फुकट न्यावी, तिचा कोड वाचावा, सुधारावा. आपला पत्रव्यवहार बड्या कंपन्यांच्या हवाली करायचा नाही अशा शाळा, दवाखाने, छोटी कार्यालयं ती वापरत. तिचा ब्राउझरमध्ये दिसणारा चेहरा टाचणीकडे होता. बटणं कुठे असावीत, महिना कसा दिसावा, कोणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, हे सगळं तिच्या अखत्यारीत. सगळा गोतावळा सांभाळणारा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. वयाने तो बहुतेकांपेक्षा लहान होता, पण सगळे त्याला दादाच म्हणायचे.

आणि भिंगरी.

भिंगरी त्या प्रणालीतले शब्द आपल्या भाषेत आणायची. दोन वर्षांपूर्वी ती न बोलावता आली, आणि तेव्हापासून टाचणी एखादं नवं बटण बसवायचा अवकाश, तासाभरात त्याचा शब्द तयार असायचा. कोण, कुठली, काय करते, ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि या कामात ते विचारायची रीतही नव्हती. पण शब्दांवरून दोघींची रोज जुंपायची. ‘क्लिक करा’ऐवजी भिंगरीला ‘टिचकी मारा’ हवं होतं. लोक हसतील, असं टाचणीने तिला तीनदा लिहिलं होतं. बैठकीचं आमंत्रण कोणी परत पाठवलं, तर त्यापुढे ‘नाकारले’ असं यावं, असं टाचणीचं म्हणणं. त्यावर भिंगरीने लिहिलं होतं : “तुमचा शब्द बरोबर आहे, पण वाचताना तोंडावर दार आपटल्यासारखं वाटतं. ‘येणार नाही’ एवढंच ठेवू या का? माणूस पुढच्या वेळी येऊही शकतो.” टाचणीला ते इतकं पटलं होतं की तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं होतं.

तर बाबांना भिंगरी कशी माहीत?

तिने त्या पट्टीत मागचा महिना उघडला. पहिला मंगळवार : ‘भिंगरीकडे. छत्री तिथेच राहिली.’ त्याच्या मागचा : ‘भिंगरीकडे. तिला ताप. फार बोललो नाही.’ त्याच्या मागचा : ‘भिंगरी विचारते, “पुन्हापुन्हा येणारी नोंद” की “आवर्ती”? मी म्हणालो, लेकीला विचार.’

तिचा हात माउसवर होता, आणि तो हात आपला आहे असं तिला वाटत नव्हतं. नजरचुकीने उघडं राहिलेलं दार आता ती हाताने ढकलून आत चालली होती, हेही तिला कळत होतं. तरी ती थांबली नाही. अकरा महिने मागे गेली. मग एक नोंद आली जी मंगळवारची नव्हती. ऑक्टोबर महिन्यातली, एका शुक्रवारची. तारीख तिच्या वाढदिवसाची.

‘भिंगरीकडे. लेकीचा वाढदिवस. केक नेऊ का विचारलं. नको म्हणाली. नुसता चहा घेतला दोघांनी.’

टाचणी खुर्चीवरून उठली. उठून कुठे जायचं होतं ते तिला आठवेना, म्हणून ती पुन्हा बसली.

नवरा शर्टाची बटणं लावत आत आला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि सकाळी घाईत असला की त्याची बटणं हमखास एक घर चुकायची. तिच्याकडे पाहून त्याचे हात थांबले.

“काय झालं? सर्व्हर पडला का?”

“नाही.”

“मग अशी पांढरीफटक का पडलीयस?”

“ती सापडली.”

“कोण ती?”

टाचणीने पडदा त्याच्याकडे वळवला. या घरात नुसतं ‘ती’ म्हणावं अशी एकच बाई होती, आणि तिचा विषय लग्नानंतर एकदाच निघाला होता. नवऱ्याने वाकून ऑक्टोबरची ती नोंद वाचली. दोनदा वाचली.

“अगं, पण भिंगरी म्हणजे तर तुझी ती... शब्दवाली...”

“हो.”

“बाप रे,” तो म्हणाला आणि चुकलेल्या बटणांसकट पलंगाच्या कडेवर टेकला.

टाचणी बारा वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायची ती. एका सकाळी एक पेटी घेऊन गेली आणि आली नाही. भांडण झाल्याचं कोणी ऐकलं नाही, दुसरा माणूस असल्याचं कोणी म्हटलं नाही. लोकांनी काही म्हणावं असं काही मागे ठेवलंच नाही तिने. पुढची तीन वर्षं टाचणीच्या नावाने पत्रं यायची. बाबा दुकानात असायचे, पोस्टमन दुपारी यायचा, दार टाचणी उघडायची. एकही पत्र तिने फोडलं नाही. पाकिटावर आपल्या शाळकरी अक्षरात ‘घ्यायचं नाही’ असं लिहून ती ते पोस्टमनच्या हातात परत द्यायची. मग पत्रं थांबली. एकोणीस वर्षांची असताना, दुकानाच्या पायरीवर उभं राहून, तिने बाबांना सांगितलं होतं, “तुम्ही कधी तिला भेटलात ना, तर मला विसरा.” काच पुसता पुसता बाबा म्हणाले होते, “बरं.” तो विषय तिथे संपला होता. निदान टाचणीच्या लेखी.

“आता काय करणार?” नवऱ्याने विचारलं.

“काय करणार म्हणजे? आधी हे बंद करणार.” तिचा आवाज तिला परका वाटला. “नऊ दिवस झाले ही आवृत्ती लोकांकडे जाऊन. मी आपल्या घरच्या सर्व्हरवर काल टाकली म्हणून मला आज दिसलं. नऊ दिवस कोणाचं काय काय कोणाला दिसलं असेल, कल्पना आहे तुला? कोणी दुसरीकडे नोकरीच्या मुलाखतीला गेला असेल, ते त्याच्या साहेबाने वाचलं असेल. कोणी वकिलाकडे गेली असेल, ते नवऱ्याने.”

हे बोलता बोलता तिचे हात कामाला लागले होते. तिने दादाला कळवलं : चूक गंभीर आहे, माझी आहे, नवी आवृत्ती उतरवणं ताबडतोब थांबवा. दादाचं उत्तर दोन मिनिटांत आलं. तो रागावला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. “थांबवलं,” त्याने लिहिलं होतं. “सापडली कशी?”

“माझ्या वडिलांच्या कॅलेंडरमध्ये,” तिने लिहिलं. पुढे आणखी काही लिहायचं होतं असं वाटून ती थोडा वेळ थांबली, मग तेवढंच पाठवलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. लिहायला दोन मिनिटं, तपासायला तासभर. साडेनऊला सुधारलेली आवृत्ती लोकांसाठी खुली झाली. टाचणीने बाबांचं कॅलेंडर पुन्हा उघडून पाहिलं. पट्टीत आता ‘व्यस्त, व्यस्त, व्यस्त’ अशी रांग होती. ऑक्टोबर महिन्यातल्या त्या शुक्रवारपुढेही ‘व्यस्त’.

“आता जाहीर सूचना,” दादाने लिहिलं. “वापरणाऱ्या प्रत्येकाला, त्याच्या त्याच्या भाषेत. जे झालं ते लपवायचं नाही. मजकूर तू लिही, अनुवादकांकडे पाठव. तुझ्या वेळेने चार वाजता सगळीकडे एकदम लावू.”

टाचणीने ते वाचलं आणि तिच्या ध्यानात आलं की सूचना बाबांनाही जाणार. आणि त्याआधी, अनुवादासाठी, ती भिंगरीकडे जाणार.

तिने ऑफिसला येत नसल्याचं कळवलं, पायांत चपला अडकवल्या आणि ती बाबांच्या दुकानाकडे निघाली. रस्ता पंधरा मिनिटांचा होता. वाटेत एका बाईने तिला ओळखून हात केला, तिनेही केला, आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत ती बाई कोण होती हे तिला आठवलं नाही.

दुकान अरुंद होतं. एका भिंतीला फ्रेमा, समोर अक्षरांचा तक्ता, मागे काच घासायचं चाक. बाबा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चाचणी-फ्रेम चढवून काचा बदलत होते. “हे बरं की ते बरं? ... आता? ... खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.” टाचणीला पाहून ते हसले, मग तिचा चेहरा नीट पाहिला आणि हसणं अर्ध्यात सोडून दिलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती दाराशी उभी राहिली.

“गुडघ्याची तारीख मिळाली का?” त्यांनी विचारलं.

“मंगळवारी अकराला देत होते.”

“मंगळवारी मला माल आणायला...”

“बाबा, मी वाचलं.”

बाबांच्या हातात एक सुटी काच होती. ती त्यांनी मखमलीच्या कापडावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

“काय वाचलंस?”

“भिंगरीकडे, अकरा वाजता.”

बाबांनी मखमलीचं कापड काचेवर दुमडलं.

“ती नोंद खासगी होती,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, होता तो गोंधळ. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी तसा. “मी तुला विचारलं होतं. ही खूण केली की खरंच कोणाला दिसत नाही ना, म्हणून. तू म्हणाली होतीस, बाबा, मी स्वतः लिहिलंय ते.”

“हो.” भांडायचं ठरवून ती आली होती, आणि पहिलाच घाव तिच्यावर बसला होता. “माझी चूक झाली. नऊ दिवस ते उघडं होतं. आता बंद केलंय. पण मी अकरा महिन्यांचं वाचलं. तेवढं चुकून नाही वाचलं.”

बाबांनी मान हलवली. स्टूल ओढून ते बसले.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“सहा वर्षं. इथेच आली होती. गिऱ्हाईक म्हणून. मी वर पाहिलंच नाही, नंबरचा कागद मागितला. कागद देताना तिने तो सोडलाच नाही, म्हणून वर पाहिलं.” ते थांबले. “जवळचं दिसेनासं झालं होतं तिला. जन्मभर बारीक टाइप तपासून डोळ्यांची वाट लावून घेतली. दोन तासांवर राहते. एकटीच असते.”

“आणि मी तुम्हाला सांगितलं होतं...”

“सांगितलं होतंस.”

“तुम्ही बरं म्हणाला होतात!”

“बरं म्हणालो होतो, टाचणे. वचन नव्हतं दिलं.” त्यांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. “दिलं असतं तर गेलो नसतो. म्हणूनच नव्हतं दिलं.”

टाचणीने फ्रेमांच्या भिंतीला हात टेकवला. रिकाम्या फ्रेमांतून चाळीसएक डोळे आपल्याकडे पाहताहेत असं तिला वाटलं.

“आणि प्रकल्पात कशी आली ती? तुम्ही आणलंत?”

“मी कशाला आणतो? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. मी एवढंच म्हणालो, लेक सकाळी सहाला उठून जगाची कॅलेंडरं करते. तिने ते स्वतः शोधलं. म्हणाली, सगळं उघडं असतं म्हणे तिथे, कोणी कुठली ओळ लिहिली, कधी लिहिली, का लिहिली. तुझं नावही तेच, मी ठेवलेलं. वर्षभर नुसती वाचत होती. मग एक दिवस मला म्हणाली, यातले शब्द फार वाईट आहेत हो, कोणी लिहिलेत? मी म्हटलं, मग तू लिही.”

“भिंगरी.”

“लग्नाआधी मी म्हणायचो तिला. पाय कधी एका जागी ठरायचे नाहीत.” ते किंचित हसले. “आता ठरलेत. आता कुठे जात नाही ती.”

“दोन वर्षं!” टाचणीचा आवाज चढला. दारावरून जाणारा एक माणूस आत डोकावून पुढे गेला. “दोन वर्षं मी तिच्याशी रोज बोलतेय. एका शब्दावरून तास तास वाद घातलाय. आणि तुम्ही दोघं तिथे बसून माझी मजा बघत होतात?”

“मजा?” बाबा उठले. गुडघ्यात कळ आली तशी त्यांनी टेबलाची कड धरली. “ती मला तुझी पत्रं वाचून दाखवायची.”

“कसली पत्रं? मी तिला जन्मात पत्र लिहिलेलं नाही.”

“असं कसं म्हणतेस? रोज तर लिहायचीस.” ते खरोखरच आश्चर्याने तिच्याकडे पाहत होते. “हा शब्द नको, तो शब्द का नको, लोक हसतील. ती सगळी छापून घेते कागदावर. तारीखवार लावून ठेवलीयत. मी गेलो की वाचते. तू रागावलेली असलीस की मोठ्याने वाचते.”

टाचणीने फ्रेमांच्या भिंतीवरचा हात काढून घेतला. मग तिने विचारलं, “ती गेली का होती?”

“ते मला विचारू नकोस. तिने मला सांगितलंय. पण ते तिचं आहे.” बाबांनी ती सुटी काच उचलली, उजेडात धरली. “हवं तर तिलाच विचार. नको असेल तर नको विचारूस. मी दोन्हीकडून बोलणार नाही.”

निघताना ती पायरीवर थांबली. “आज चार वाजता सगळ्यांना सूचना जाणार आहे, काय झालं त्याची. त्याआधी ती तिच्याकडे जाईल, शब्दांसाठी. तोवर तिला फोन करू नका.”

“बरं.”

“बाबा.”

“वचन,” बाबा म्हणाले.

घरी येऊन टाचणी सूचना लिहायला बसली. चारच वाक्यं होती, पण तिला पाऊण तास लागला. प्रकल्पाची भाषा इंग्रजी, पण तिने मनात ती आधी आपल्याच भाषेत लिहून पाहिली. ‘नव्या आवृत्तीत आमच्याकडून एक गंभीर चूक झाली. ज्या गोष्टी तुम्ही खासगी ठेवल्या होत्या, त्या तुमच्या जवळच्या माणसांना दिसल्या. जे दिसलं ते आता न दिसलेलं करता येणार नाही. आम्ही दिलगीर आहोत.’ हे इतकं सरळ उतरलं की भिंगरीकडे पाठवायची गरजच नव्हती. आपण स्वतःच ते भरून टाकावं, कोणी विचारणार नाही. तिने तशी खिडकी उघडली, पहिलं वाक्य भरलंही. मग ते पुसून टाकलं.

अनुवादकांना पाठवायच्या मजकुराखाली एक छोटी चौकट असे, संदर्भ कळावा म्हणून टीप लिहायला. टाचणी तिथे एरवी काहीबाही लिहायची : बटण लहान आहे, शब्द आखूड हवा. आज तिने तेरा भाषांच्या चौकटीत काही लिहिलं नाही. चौदाव्या चौकटीत लिहिलं : “चूक माझी आहे. ज्या कॅलेंडरमध्ये सापडली, ते माझ्या वडिलांचं आहे.”

आणि पाठवून दिलं. तेव्हा एक वाजून गेला होता.

एकेक भाषा येऊ लागली. यादीत नावापुढचा करडा ठिपका हिरवा व्हायचा. दोन वाजता चार हिरवे, अडीचला सात. भिंगरीने मजकूर उघडल्याची खूण एक वाजून वीस मिनिटांनीच दिसली होती. त्यानंतर काही नाही. एरवी चार वाक्यांना तिला दहा मिनिटं पुरेशी होती. टाचणीने भांडी घासली. कपड्यांच्या घड्या केल्या. परत येऊन बसली. तीन वाजता नवऱ्याने मधल्या सुटीतून फोन केला. “आलं काही?” “नाही.” “बरं,” तो म्हणाला, पण फोन त्याने ठेवला नाही, मुलांचा गलका ऐकू येत राहिला, आणि घंटा झाल्यावरच दोघांनी ठेवला.

साडेतीनला बारा ठिपके हिरवे. पावणेचारला तेरा.

चाराला दहा मिनिटं असताना भिंगरीची तीन वाक्यं आली. टाचणीने मनात लिहिली होती त्यापेक्षा ती चांगली होती. ‘न दिसलेलं करता येणार नाही’ऐवजी तिने लिहिलं होतं, ‘पाहिलेलं परत घेता येत नाही’. चौथ्या वाक्याची जागा रिकामी होती, आणि तिथे एक प्रश्न होता.

“शेवटच्या वाक्यात ‘आम्ही’ आहे. ते सर्वांच्या वतीने आहे हे समजलं. पण इथे मला ‘मी’ लिहावंसं वाटतं. चालेल का?”

टाचणीने ते वाचलं. उठून खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीत कोणीतरी गालिचा झटकत होतं. तो झटकून, गुंडाळून आत नेईपर्यंत ती तिथे उभी राहिली. मग येऊन तिने लिहिलं, “चालेल.” ते पुसलं. “नाही चालणार.” तेही पुसलं.

शेवटी तिने जे पाठवलं ते असं होतं : “सूचनेत ‘आम्ही’च राहू दे. ते वापरणाऱ्यांसाठी आहे. ‘मी’चं जे असेल, ते मला वेगळं लिही. लांबलं तरी चालेल.”

पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन वर्षांत भिंगरीला तिने असं कधी लिहिलं नव्हतं. ‘राहू द्या’, ‘लिहा’ असंच लिहीत आली होती. दुरुस्त करायला हवं होतं तर करता आलं असतं. पाठवलेलं बदलायची सोय त्या पानात होती, टाचणीनेच केलेली. तिने हात मांडीवर ठेवले.

चौथं वाक्य लगेच आलं : ‘आम्ही दिलगीर आहोत.’ पण तिने ते अजून पक्कं केलं नव्हतं, त्यामुळे ठिपका करडाच होता. त्याखाली एक छोटी ओळ लुकलुकू लागली : ‘भिंगरी लिहीत आहे’. ओळ थांबली. पुन्हा लुकलुकली. थांबली. पुन्हा.

चार वाजले. दादाचा निरोप आला.

“तेरा भाषा तयार. तुमची एक अडलीय. ती सोडून पुढे जाऊ का? नंतर जोडता येईल.”

टाचणीने ओळीकडे पाहिलं. ती अजून लुकलुकत होती.

“नको,” तिने दादाला लिहिलं. “जरा थांबा. आई लिहितेय.”